गाठ

तराफा नऊ बांबूंचा. मी मोजले,
कारण पहिला बंधारा येईपर्यंत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.
पुढची टोकं आगीवर धरून वर वाकवलेली,
काळपट, जुन्या मोजडीच्या नाकासारखी.
वर दोन निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, तारेने आवळलेल्या.
एकीत मी. दुसरीत माझी पिशवी,
कारण नोंग चांगशुन दोघांचं भाडं घेतो
माणूस एकटा असला तरी.

तो मागे उभा, हातात दोन पुरुष उंचीची काठी.
काठी मारल्याने पाणी तुटत नाही, म्हणतात आमच्यात.
हा सव्वीस वर्षं मारतोय.
पाणी शाबूत. काठ्या मात्र वर्षाला दोन झिजतात.
हे त्याने फोनला सांगितलं, फोनने मला.
मग फोन म्हणाला,
"तुमचा गुडघा चांगला शेजारी आहे."
आम्ही दोघांनी त्या वाक्याकडे जरा वेळ पाहिलं.
शेवटी त्याने एक पाय उचलून पोटाशी धरला:
बंधारा आला. असं करा.

पाणी तोवर साळसूदपणे चाललेलं,
कडेला पोचताच त्याची मती फिरली.
तराफ्याचं नाक हवेत गेलं, थबकलं,
जणू घरी काही विसरलंय,
आणि खाली.
बांबूंच्या फटींतून नदी वर आली,
माझ्या मांडीवर बसली
आणि उठून गेली.
असे अकरा.
सातव्याला मी ओरडणं सोडलं,
नवव्याला पुन्हा सुरू केलं, मुद्दाम, बरं वाटतं म्हणून.

मधल्या संथ पाण्यात बांधणी न्याहाळत बसले.
काथ्यासारखी तपकिरी दोरी,
दोन वेढे, एक उलटा, टोक आत खोचलेलं.
चांगशुनने या वेळी फोन घेतला नाही.
मूठ पाण्यात बुडवली, वर काढली,
घट्ट मिटून दाखवली.

उतरले तिथे रस्ता संपत होता, पायऱ्या सुरू.
इथले डोंगर रांगेने येत नाहीत,
जत्रेत चुकलेल्या माणसांसारखे एकेकटे उभे.
पपनसाच्या बागा, फळाफळाला कागदी पिशवी.
मग थडगी. मग नुसता दगड आणि ऊन.
खालचा पोरगा म्हणाला होता, दोन ली.
अर्ध्या तासाने भेटलेली सरपणवाली म्हणाली, दोन ली.
खिंडीत कुणीच नव्हतं,
एका शिळेवर दोन आडव्या रेघा कोरलेल्या.
एवढंच चिनी मला वाचता येतं.

उतारावर उजव्या बुटाचा तळ सुटला,
पावलागणिक आ वासू लागला.
पहिल्याच घरापुढे एक म्हातारी मका सोलत होती.
तिने आधी हसून घेतलं, पोटभर.
मग उकिडवी बसून माझा पाय मांडीवर घेतला.
चाळीस वर्षांत हा पाय असा कुणी धरला नव्हता,
चपलांच्या दुकानातला माणूस सोडला तर.
तिने पेंढ्याजवळची दोरी ओढली, दातांनी तोडली,
बुटाभोवती, घोट्यावरून,
दोन वेढे, एक उलटा, टोक आत.
आणि तांब्याभर पाणी त्यावर ओतलं.
मी दचकले नाही.

पैसे तिने घेतले नाहीत.
राजगिऱ्याची वडी घेतली, हुंगली,
खिशात ठेवली, कुणासाठी तरी.

नदीला परतीची वाट नसते.
तराफ्यांना असते, ट्रकने.
संध्याकाळी डांबरी सडकेवर तो ट्रक आला,
तराफ्यांची चळत, आणि सगळ्यांत वर निळ्या खुर्चीत
विडी ओढत चांगशुन.
त्याने टपावर थाप मारली. ट्रक मंदावला.
माझ्या बुटाकडे वाकून पाहिलं,
ओरडला, "मेइफेंग?"

फोन कधीच मेला होता.
ते नाव तिचं, की गावाचं,
की अशा गाठीलाच म्हणतात तसं,
कुणास ठाऊक. मी मान हलवली.
तो इतका खूश झाला
की वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहिला.

रात्री खोलीवर गाठ सुटेना. अजून ओली होती.
मालकिणीचा मुलगा कात्री घेऊन आला,
त्याला परत पाठवलं.
बुटासकट पाय गादीबाहेर ठेवून
निजले.